सर्पदंशाचा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात: इथे काय करायचं, पुढे केव्हा पाठवायचं

प्रश्न थोडक्यात असा: डोंगराळ तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, एक वैद्यकीय अधिकारी, रात्री एकच सिस्टर, प्रयोगशाळा संध्याकाळी बंद, व्हेंटिलेटर नाही आणि जिल्हा रुग्णालय अडीच तासांवर. सर्पदंशाचा रुग्ण आला तर किती उपचार इथे करायचे आणि कधी रेफर करायचं?

आधी उत्तर, मग तपशील. विषबाधेची लक्षणं असतील तर एएसव्हीचा (सापाच्या विषावरच्या प्रतिविषाचा) पहिला पूर्ण डोस, म्हणजे १० व्हायल (कुप्या), तुमच्याच केंद्रात द्या आणि त्यानंतर रुग्णाला गाडीत घाला. ‘एएसव्ही २ व्हायल देऊन पुढील उपचारांसाठी रेफर’ असं केस पेपरवर सर्रास लिहिलेलं असतं. तो उपचार नाही, दोन व्हायल वाया घालवणं आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या एका व्हायलमधून घोणस किंवा नागाचं साधारण ६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरशाचं ४.५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं. मोठी घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. दहाचा आकडा या हिशेबातून आलेला आहे. दोन व्हायल दिल्या तर उरलेलं विष घाटातल्या अडीच तासांत रक्त गोठवणारे घटक संपवत राहतं, मूत्रपिंडाला इजा करतं, आणि वरच्या रुग्णालयात सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

दोनच व्हायल देण्यामागे भीती असते ती एएसव्हीमुळे येणाऱ्या अ‍ॅलर्जीसारख्या रिअ‍ॅक्शनची. ती भीती खोटी नाही, पण रिअ‍ॅक्शन दोन व्हायलनेही येते. तिच्यावरचं औषध अ‍ॅड्रेनॅलिन आहे आणि ते प्रत्येक केंद्रात असतं. फक्त ते कपाटात असून चालत नाही, सिरिंजमध्ये भरलेलं लागतं.

म्हणून पावसाळ्याच्या आधी, मे अखेरीस, एक वेगळा ट्रे लावून ठेवा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावू देऊ नका. त्यात कोऱ्या काचेच्या टेस्ट ट्यूब, अ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅट्रोपिन, निओस्टिग्मिन, २ मिलीच्या आणि १ मिलीच्या सिरिंज, शिरेत घालायचे १८ आणि २० नंबरचे इंट्राकॅथ, स्टराइल वॉटर, नॉर्मल सलाइन, हाताने दाबून श्वास द्यायची मोठ्यांची आणि लहान मुलांची अ‍ॅम्बू बॅग मास्कसह, तोंडात घालायचे एअरवे, पायाने चालणारं सक्शन, मार्कर पेन आणि घड्याळ एवढं हवं. पावडर स्वरूपातली एएसव्ही २५ अंशांखाली टिकते असं लेबलवर असतं, पण विदर्भातल्या मे महिन्यात स्टोअररूम २५ अंशांवर राहत नाही. ती फ्रिजमध्येच ठेवा. मात्र लसींच्या खास फ्रिजमध्ये (आयएलआर) इतर औषधं ठेवायची नसतात, त्यासाठी साधा वेगळा फ्रिज लागतो. द्रव स्वरूपातली एएसव्ही असेल तर २ ते ८ अंश बंधनकारक. साठा निदान दोन रुग्णांच्या पहिल्या डोसला पुरेल इतका, म्हणजे २० व्हायल हवाच. जून ते सप्टेंबर त्याहून जास्त. एकाच रात्री दोन दंश येणं भातलावणीच्या दिवसांत नवलाचं नाही.

रुग्ण आला की आधी श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध बघा. साप कोणता याची चौकशी नंतर. नातेवाइकांनी मेलेला साप पिशवीत आणला असेल तर हाताळू नका, मेलेल्या सापाच्या दातांनीही विष जातं. मोबाइलमध्ये फोटो असेल तर बघा, पण त्यावर उपचार ठरवू नका. आपली एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच आहे, त्यामुळे नावाविना अडत नाही. कोकण किनाऱ्यावरचे समुद्री साप आणि दक्षिण सह्याद्रीतला हंप-नोज्ड पिट व्हायपर यांच्या विषावर मात्र ती चालत नाही. चापडा या विषारी सापाचंही तसंच, पण त्याचा दंश बहुधा सूज आणि वेदनेपुरता राहतो.

पायाला दोरी, रुमाल, सायकलची ट्यूब बांधलेली असेल तर आल्याआल्या सोडू नका. आधी दंशाच्या बाजूला नव्हे तर दुसऱ्या हाताला शिरेत लाइन घ्या, एएसव्ही आणि अ‍ॅम्बू बॅग जवळ आणा, बांधलेल्या जागेखाली नाडी लागते का बघा. नाडी लागत असेल तर बंध हळूहळू सोडायला हरकत नाही. लागत नसेल तर बंधाच्या वर बीपीचा कफ फुगवून घ्या, दोरी कापा आणि मग कफची हवा थोडी थोडी सोडा. घट्ट बंध एकदम सोडला की अडलेलं विष एकदम शरीरात जातं, आणि दारात चालत आलेला माणूस पाच मिनिटांत कोसळू शकतो. जखम कापणं, चोखणं, बर्फ, पोटॅशियम परमँगनेट यांतलं काहीही नको.

आता तपासणी. प्रयोगशाळा बंद असली तरी तुमच्याकडे सर्पदंशातली सर्वांत कामाची चाचणी आहे: २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. शिरेतून २ मिली ताजं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, खोलीच्या तापमानाला न हलवता २० मिनिटं उभी ठेवा आणि मग एकदाच तिरपी करा. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठण्याची प्रक्रिया कोलमडली आहे. घोणस किंवा फुरशाच्या विषबाधेचा हा पुरावा आहे आणि एएसव्ही सुरू करायला तेवढं पुरे.

इतकी सोपी चाचणी चुकते ती बहुतेक वेळा ट्यूबमुळे. रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग लागतो. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही. साबणाने धुतलेल्या काचेच्या ट्यूबमध्ये साबणाचा अंश राहतो आणि तोही गोठण्यात अडथळा आणतो. त्यामुळे ट्यूब एकदाच वापरायची. पुरवठ्यात प्लॅस्टिकच येत असेल तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून काचेच्या ट्यूब घ्या, याहून स्वस्त आणि उपयोगी खरेदी केंद्रात दुसरी नसेल. दुसरी चूक म्हणजे दहाव्या मिनिटाला उत्सुकतेने ट्यूब हलवून बघणं. तिसरी म्हणजे वेळ अंदाजाने धरणं, म्हणून ट्यूबवर पट्टी चिकटवून तिच्यावर वेळ लिहा. निकालाबद्दल शंका असेल तर सोबतच्या निरोगी नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये शेजारी ठेवा. त्याचंही गोठलं नाही तर दोष ट्यूबचा. पहिल्या वेळी रक्त गोठलं म्हणून रुग्णाला घरी सोडू नका. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि त्यानंतर दर तासाने चाचणी परत करा.

ट्यूब उभी असते त्या २० मिनिटांत बाकीचं बघून होतं. सूज जिथवर आली आहे तिथे मार्करने रेघ मारून वेळ लिहा. हिरड्या, नाक, सुई टोचलेली जागा, लघवीचा रंग बघा. पापण्या जड झाल्यात का, वर बघता येतं का, दोन-दोन दिसतं का, तोंड किती उघडतं, थुंकी गिळता येते का, मान उशीवरून उचलता येते का, हे तपासा. एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला लावा आणि कुठवर पोचला ते लिहा. अर्ध्या तासाने हाच आकडा उतरला तर श्वासाचे स्नायू दमत चाललेत, पल्स ऑक्सिमीटर अजून ९८ दाखवत असला तरी.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण शोधूनही सापडत नाही, सूज नसते, दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो, आणि केस पेपरवर ‘गॅस्ट्रायटिस’ लिहून पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन दिलं जातं. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेला माणूस जमिनीवर झोपला होता का, हे विचारा आणि पापण्या बघा. याउलट ‘अंधारात काहीतरी चावलं’ म्हणणारा रुग्ण घामाने डबडबलेला, हातपाय गार, नाडी वेगात, धाप लागलेली असा असेल तर विंचूदंशाचा विचार करा. तिथे एएसव्हीचा उपयोग नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलेलं प्राझोसिन, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडावाटे, हे औषध लागतं.

एएसव्ही कोणाला द्यायची? रक्त गोठत नाही किंवा कुठूनही रक्तस्राव आहे, पापण्या पडण्यापासून पुढची लकव्याची कोणतीही खूण आहे, रक्तदाब पडला आहे, लघवी लाल-काळी किंवा कमी होते आहे, किंवा सूज भराभर चढून अर्ध्या अवयवाच्या वर गेली आहे (बंध नसताना), यांपैकी एक पुरे. नुसत्या दातांच्या खुणा असतील तर एएसव्ही देऊ नका. बिनविषारी सापांचे दंश पुष्कळ असतात आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. अशा रुग्णाला २४ तास नजरेखाली ठेवा.

द्यायची ठरली की टेस्ट डोस नको. त्यातून रिअ‍ॅक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली स्टराइल वॉटर घाला आणि व्हायल हातात हलकी फिरवा. जोरात हलवलं तर फेस येतो आणि अर्धं औषध फेसातच अडकतं. दहा व्हायल विरघळवायला एकट्याला बराच वेळ लागतो, म्हणून दोघांनी बसा. ५०० मिली नॉर्मल सलाइनमधून १०० मिली काढून टाका, त्यात दहा व्हायलचं १०० मिली घाला. पहिली काही मिनिटं हळू सोडा, काही झालं नाही तर वेग वाढवा आणि एकूण अर्ध्या ते एका तासात संपवा. २० थेंबांच्या सेटवर एका तासासाठी मिनिटाला सुमारे १६५ थेंब होतात, ते कोणी मोजत बसत नाही. बाटलीला उभी पट्टी चिकटवून ‘एवढं इतक्या वाजता’ अशा खुणा करा.

मुलांना डोस मोठ्यांइतकाच. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. कमी करायचं ते सलाइन: किलोमागे ५ ते १० मिली. दहा किलोच्या मुलाला दहा व्हायलचं १०० मिली हेच पुरेसं पाणी झालं, वर आणखी सलाइन घालू नका. गरोदर बाईलाही पूर्ण डोस. दंशाच्या जागी एएसव्ही टोचणं निरुपयोगी आहे आणि बोटात टोचलं तर बोट जाऊ शकतं.

एएसव्ही लावण्याआधी अ‍ॅड्रेनॅलिन १:१००० चं ०.५ मिली २ मिलीच्या सिरिंजमध्ये भरून रुग्णाच्या उशाशी ठेवा. इन्सुलिनची सिरिंज यासाठी वापरू नका. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, गडबडीत डोस चुकतो आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. मुलांसाठी किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे दहा किलोला ०.१ मिली, ट्यूबरक्युलिन सिरिंजमध्ये. पहिला तास कोणीतरी रुग्णाजवळून हलायचं नाही. अंगावर गांधी, खाज, खोकला, उलटी, पोटात मुरडा, घरघर, रक्तदाब उतरणं यांतलं काही दिसलं की एएसव्ही थांबवा आणि अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या. आराम नसेल तर ५ ते १० मिनिटांनी पुन्हा. एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर द्या. आधी ती देऊन अ‍ॅड्रेनॅलिनसाठी वाट बघत बसणं हीच इथली जीवघेणी चूक. रुग्ण सावरला की १०-१५ मिनिटांनी एएसव्ही हळू वेगाने परत सुरू करा. रिअ‍ॅक्शन आली म्हणून एएसव्ही कायमची बंद करायची नसते, विष अजून अंगात आहे.

रिअ‍ॅक्शन टाळण्यासाठी आधीच काही द्यावं का? श्रीलंकेतल्या २०११ च्या मोठ्या चाचणीत एएसव्हीच्या आधी त्वचेखाली दिलेल्या ०.२५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिनने गंभीर रिअ‍ॅक्शन कमी झाल्या, हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिनने झाल्या नाहीत. एकट्या डॉक्टरच्या केंद्रात हे करणं मला रास्त वाटतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मेंदूत रक्तस्रावाचा संशय असेल तर मात्र नको.

पापण्या पडल्या असतील तर एएसव्हीबरोबरच अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि पाठोपाठ निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम द्या (मुलांत किलोमागे अ‍ॅट्रोपिन ०.०५ आणि निओस्टिग्मिन ०.०४ मिलिग्रॅम). निओस्टिग्मिनच्या अँप्युलची ताकद वेगवेगळी असते, लेबल वाचून मिली ठरवा. नागाच्या विषात याचा चांगला उपयोग होतो. मग अर्ध्या अर्ध्या तासाने निओस्टिग्मिन ०.५ मिलिग्रॅम, अ‍ॅट्रोपिनसह, पाच वेळा. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, तिथे हे औषध फारसं चालत नाही. तीन डोसांनंतर फरक नसेल तर थांबा. एका तासात लकवा वाढत गेला तर एएसव्हीच्या आणखी १० व्हायल द्या. लकव्यासाठी २० च्या वर जाण्यात अर्थ नाही, तिथून पुढे माणूस श्वासावर जगतो.

आणि तो श्वास अ‍ॅम्बू बॅगने देता येतो. गिळता येईना, लाळ साचू लागली की रुग्णाला डाव्या कुशीवर घ्या, सक्शन करा. श्वास उथळ झाला की वाट न बघता बॅग धरा: एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट, दुसऱ्याने बॅग, पाच-सहा सेकंदांना एक दाब, छाती उचलेल इतकाच. जोरात आणि भराभर दाबलं तर हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. दर १५-२० मिनिटांनी माणूस बदला. नातेवाइकांपैकी दोघांना तिथल्या तिथे शिकवता येतं आणि ते मनापासून करतात. मण्यारीच्या लकव्यात बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला न हलणाऱ्या, हातपाय लुळे, अगदी मेल्यासारखं चित्र दिसतं, पण हृदय चालू असतं आणि माणसाला ऐकू येत असतं. नाडी असलेल्या अशा रुग्णाला मृत समजू नका, त्याच्या उशाशी ‘आता काही उपयोग नाही’ असं बोलू नका. हा लकवा दिवसांनी का होईना, उतरतो.

रेफर करायची वेळ विषाच्या प्रकारावर ठरते. घोणस-फुरशात पहिल्या डोसानंतर यकृताला गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला साधारण सहा तास लागतात, म्हणून पुढची निर्णायक चाचणी सहा तासांनी असते. डोस संपला, रिअ‍ॅक्शनचा तास गेला, की या मधल्या वेळेत अडीच तासांचा प्रवास आरामात बसतो. सहा तासांनीही रक्त गोठलं नाही तर पुढचा डोस वरच्या रुग्णालयात लागेल. लकव्याच्या रुग्णाला मात्र वाट बघत ठेवू नका. एएसव्ही चालू असताना १०८ ला फोन करा, ‘श्वास देत न्यावा लागेल’ असं स्पष्ट सांगा, जिथे पाठवताय तिथे व्हेंटिलेटर रिकामा आहे का ते विचारा, आणि अ‍ॅम्बू वापरता येणारा माणूस सोबत द्या. बॅग चालवायला कोणी नसेल तर त्या गाडीत बसवण्यापेक्षा रुग्ण केंद्रातच बॅगवर ठेवून दुसरी गाडी मागवणं बरं.

घोणशीच्या रुग्णात लघवी मोजा. बाटलीत साठवून मोजली तरी चालेल. तासाला किलोमागे ०.५ मिलीच्या खाली गेली तर डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणीच पाठवा, मध्ये ग्रामीण रुग्णालयाचा थांबा नको. दुखण्यावर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दोन कारणांनी वाईट, रक्तस्राव आणि मूत्रपिंड. रक्त गोठू लागेपर्यंत स्नायूत कोणतंही साधं इंजेक्शन नको, धनुर्वाताचंसुद्धा. (एएसव्हीच्या तीव्र रिअ‍ॅक्शनमधलं अ‍ॅड्रेनॅलिन याला अपवाद.) सुजलेला पाय बघून चिरा द्यायचा मोह सर्जनला होतो. रक्त गोठत नसताना ते करणं धोक्याचं आहे, आणि आवश्यकता तर विरळाच असते.

रेफर चिठ्ठीवर दंशाची वेळ, केंद्रात आल्याची वेळ, प्रत्येक रक्त-चाचणीची वेळ आणि निकाल, एएसव्ही किती व्हायल, कोणत्या बॅचची, कधी सुरू, कधी संपली, अ‍ॅड्रेनॅलिन दिलं का, लघवी किती, हे लिहा. नुसतं ‘स्नेक बाइट’ लिहू नका. रुग्ण दगावला तर याच कागदांवर कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतलं अनुदान मिळण्याची शक्यता अवलंबून असते, सर्पदंश त्यात येतो.

एक शंका नेहमी येते: नियमाप्रमाणे देऊनही काही रुग्णांत रक्त लवकर का गोठत नाही? एएसव्हीसाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. म्हणून घोणस-फुरशात सहा-सहा तासांनी चाचणी बघत पुढचे डोस द्यावे लागतात, सहसा एकूण ३० व्हायलपर्यंत. रक्त गोठल्यावर मात्र सूज उरली म्हणून एएसव्ही देत राहू नका.

घरी सोडताना रुग्णाला सांगा की पाच ते दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर ते एएसव्हीमुळे असू शकतं. त्याने परत यावं, प्रेडनिसोलोनच्या पाच दिवसांच्या कोर्सने ते जातं. भगताकडून सर्पदोष उतरवायची गरज नाही हे मात्र रागावून सांगू नका. गावातल्या भगतालाच ‘पापणी पडली की लगेच आमच्याकडे पाठव’ एवढं शिकवलंत तर पुढचा रुग्ण दोन तास आधी पोचेल.